वाचकांचे प्रश्न : माना डोलल्या, आकडा हलला नाही

अमेरिकेत वेळ न ठरवता जाता येणारी, रात्री आठ-नऊपर्यंत आणि शनिवार-रविवारीही उघडी असणारी 'अर्जंट केअर' क्लिनिके आणि तिथे सढळ हाताने लिहिली जाणारी प्रतिजैविके यांविषयी गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी टेक्सासमधील एका अर्जंट केअर समूहात नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे डॉक्टर नसूनही रुग्ण तपासून औषधे लिहून देऊ शकणारी प्रशिक्षित परिचारिका आहे. आमच्या नऊ क्लिनिकांत मिळून डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे प्रशिक्षित साहाय्यक) आणि नर्स प्रॅक्टिशनर असे चाळीस जण रुग्ण तपासतात. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर कमी व्हावा म्हणून या सर्वांना प्रशिक्षण देण्याचे काम माझ्याकडे आले. मी साठ स्लाइडांचे व्याख्यान तयार केले, सर्वांनी ते शांतपणे ऐकले, माना डोलावल्या. आणि पुढच्या तिमाहीत प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्यांचा आकडा होता तिथेच राहिला. माझे कुठे चुकले?

उत्तर : आपले व्याख्यान चुकीचे नव्हते, ज्या अज्ञानावर उतारा म्हणून आपण ते दिले, ते अज्ञानच तिथे फारसे नव्हते. आपल्या चाळीस सहकाऱ्यांपैकी कोणालाही सकाळी दहा वाजता विचारा की, एरवी धडधाकट असलेल्या प्रौढाच्या साध्या ब्राँकायटिसला (श्वासनलिकांच्या दाहाला) प्रतिजैविक लागते का. चाळीसही जण 'नाही' म्हणतील. त्यांच्यापैकीच काही जण त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता अझिथ्रोमायसिनची पाच दिवसांची पाकिटे, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'झेड-पॅक', लिहीत असतील. सकाळचे उत्तर आणि संध्याकाळची चिठ्ठी यांच्यामध्ये जे काही घडते, ते आपल्या साठ स्लाइडांपैकी एकीवरही नसावे, असे मला वाटते.

प्रश्न मोठा आहे हे खरे. २०१४ सालच्या विमा-नोंदींवर आधारलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी असतो. ज्या श्वसनविकारांना प्रतिजैविक लागतच नाही, अशांसाठी आलेल्या रुग्णांपैकी किती जणांना ते लिहून दिले गेले, याची त्यात मोजणी होती. नेहमीच्या दवाखान्यांत हे प्रमाण १७ टक्के होते, रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत सुमारे २५ टक्के आणि अर्जंट केअरमध्ये सुमारे ४६ टक्के. गंमत म्हणजे औषधांच्या दुकानांतच थाटलेल्या छोट्या क्लिनिकांत ते सर्वांत कमी, सुमारे १४ टक्के होते, आणि तिथे बहुतांश नर्स प्रॅक्टिशनरच काम करतात. त्यामुळे 'डॉक्टर नाहीत म्हणून असे होते' हा जो शेरा बैठकीत कोणीतरी हमखास मारते, त्याला उत्तर देण्यासाठी हा आकडा जवळ असू द्यावा.

संध्याकाळी सात वाजता काय घडते, ते मी स्वतःच्याच एका फजितीवरून सांगतो. मी अर्जंट केअरमध्ये काम करीत असतानाची गोष्ट आहे. क्लिनिक आठला बंद होणार होते आणि घड्याळात सात चाळीस झाले होते. सहा दिवसांचा खोकला असलेला एक विक्री-प्रतिनिधी समोर बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे विमान होते. ताप नाही, छाती स्वच्छ, प्राणवायूची पातळी ९८. तो चाळीस मिनिटे ताटकळला होता, त्याने पदरचे पैसे भरले होते आणि तो मला पुन्हा कधी भेटणार नव्हता. हा गृहस्थ रिकाम्या हाताने जाणार नाही, असे मी मनोमन ठरवून टाकले आणि अझिथ्रोमायसिन टंकित केले. दारापाशी पोहोचल्यावर तो वळून म्हणाला, "म्हणजे हे गंभीर आहे का? मला वाटले होते, साधाच खोकला असेल; फक्त न्यूमोनिया नाही ना, एवढेच विचारायला आलो होतो." त्याने औषध मागितलेच नव्हते. मागणी माझ्या डोक्यातली होती.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात बालरोगतज्ज्ञांच्या भेटी तपासल्या होत्या. विषाणूजन्य आजारात, पालकांना प्रतिजैविक हवे आहे असे डॉक्टरांना वाटले तेव्हा ६२ टक्के वेळा ते दिले गेले, आणि तसे वाटले नाही तेव्हा ७ टक्के वेळा. पालकांना प्रत्यक्षात काय हवे होते, याचा चिठ्ठीशी तेवढा संबंध नव्हता. आपल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच असावा, आणि तो स्लाइडवर न दाखवता दोघांनी समोरासमोर बसून करावा : एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने 'आज कशाची काळजी वाटून आलात?' हे वाक्य तपासणीच्या आधी उच्चारावे. सुरुवातीला सर्व जण हसतात. हसू द्यावे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा, इतरांच्या तुलनेत, दर महिन्याला मिळाला पाहिजे. बॉस्टन आणि लॉस एंजलिस परिसरातील ४७ दवाखान्यांत झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यात तीन उपाय तपासले गेले. संगणकावर पर्यायी उपचारांची खिडकी उघडण्याचा निश्चित परिणाम दिसला नाही. प्रतिजैविक लिहिण्याचे कारण रुग्णाच्या नोंदीत, सर्वांना दिसेल असे, स्वतःच्या शब्दांत लिहायला लावल्यावर अनावश्यक वापर सुमारे २३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सहकाऱ्यांशी तुलना करणाऱ्या मासिक ई-मेलने तो सुमारे २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. काहीच न केलेल्या गटातही तो २४ वरून १३ वर आला होता, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे कोणी लक्ष देऊन पाहत आहे एवढे कळले, तरी माणूस हात आखडतो. मात्र हे उपाय थांबवल्यावर वर्षभरात त्यांचा परिणाम ओसरू लागला. म्हणून 'तिमाहीत एक कार्यक्रम' हा आराखडाच सोडून द्यावा, असे मी सुचवेन. इंग्लंडमध्ये प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांना 'आपल्या भागातील ८० टक्के दवाखाने आपल्यापेक्षा कमी लिहितात' अशा अर्थाचे पत्र पाठवले, तेव्हा सहा महिन्यांत वापर ३.३ टक्क्यांनी घटला. एका पत्राच्या खर्चात एवढे झाले, हे मला आजही नवलाचे वाटते.

आकडा मोजताना एक मेख लक्षात ठेवावी. आपण केवळ ब्राँकायटिसच्या नोंदी मोजल्या, तर दोन महिन्यांत आपल्या क्लिनिकांतून ब्राँकायटिस नाहीसा होईल आणि सायनसायटिसची साथ आली आहे की काय, असे वाटू लागेल. कोणी मुद्दाम लबाडी करते असे नाही. हात आधी औषधाकडे जातो आणि निदान मागाहून त्याला जुळवून घेतले जाते. म्हणून श्वसनविकारांसाठी आलेल्या सर्व भेटी छेदात घ्याव्यात आणि त्यांपैकी किती भेटींत प्रतिजैविक गेले, ते पाहावे. युटामधील इंटरमाउंटन या आरोग्यसंस्थेने आपल्या ३८ अर्जंट केअर क्लिनिकांत नेमके असेच मोजले; प्रशिक्षण, संगणकातील साहाय्य आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या आकड्यांचा फलक यांच्या जोडीने त्यांचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले.

व्याख्यान टाकून देऊ नये. त्यातल्या सहा स्लाइडा ठेवाव्यात, क्लिनिक उघडण्याआधी पंधरा मिनिटे जमावे आणि दर वेळी एकच आजार घ्यावा.

प्रश्न : आमची तीन क्लिनिके आहेत. आम्ही प्रतिजैविक नाकारले की रुग्ण इंटरनेटवर एक तारा देऊन जातात, आणि आमच्या डॉक्टरांच्या मानधनाचा काही भाग रुग्णांच्या समाधानावर अवलंबून आहे. प्रशिक्षणाने हा पेच कसा सुटणार?

उत्तर : मानधनाचा भाग प्रशिक्षणाने सुटणार नाही, तो आपल्या हातात आहे. एका हाताने 'कमी लिहा' म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने ताऱ्यांचे पैसे द्यायचे, हे जोवर चालू आहे तोवर आपल्या डॉक्टरांना आपला खरा निरोप कोणता ते कळणार नाही असे नव्हे. त्यांना तो अचूक कळलेला आहे.

ताऱ्यांविषयी मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. रुग्ण रागावतो तो बहुतेक वेळा 'नाही' या शब्दावर नाही, तर 'नाही'नंतर येणाऱ्या शांततेवर. 'हे विषाणूमुळे आहे, काही करता येणार नाही' या वाक्यात वैद्यकीय चूक एकही नाही, पण ऐकणाऱ्याला ते 'उगाच आलात' असे ऐकू येते. बालरुग्णांच्या भेटींचे ध्वनिचित्रमुद्रण करून केलेल्या संशोधनात असे दिसले आहे की, प्रतिजैविक का नको याच्या जोडीला काय करायचे हेही डॉक्टरांनी सांगितले, तर प्रतिजैविके कमी लिहिली जातात आणि पालकांचे समाधानही वाढते. तेव्हा प्रशिक्षणात वाक्ये शिकवावीत, अक्षरशः पाठ करून घ्यावीत. तपासतानाच मोठ्याने बोलण्याची सवय लावावी : "फुप्फुसे दोन्ही बाजूंनी स्वच्छ वाजताहेत, कान चांगले आहेत, घशाला लाली आहे पण पू नाही." रुग्णाला तपासणी झाल्याचे जाणवते आणि निर्णय त्याच्यासमोर तयार होतो.

मग मुदत सांगावी. साध्या ब्राँकायटिसचा खोकला आठवडाभरात जाईल, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो सरासरी १८ दिवस टिकतो. ही एक संख्या न सांगितल्यामुळे किती माणसे दहाव्या दिवशी दुसऱ्या क्लिनिकात जाऊन पोहोचतात आणि तिथे औषध मिळाल्यावर पंधराव्या दिवशी बरी वाटून 'पहिल्या डॉक्टरला कळले नाही' असा तारा देतात! अठराचा आकडा कागदावर लिहून द्यावा. त्याच कागदावर मध, वाफ, वेदनाशामक यांविषयी दोन ओळी असाव्यात आणि खाली ठळक अक्षरांत : धाप लागली, ताप उतरून पुन्हा चढला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर त्याच दिवशी या. (मध एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, हे छापायला विसरू नये.) रिकाम्या हाताने कोणी जात नाही, हातात औषधाऐवजी कागद असतो.

जिथे खरोखर शंका आहे, तिथे विलंबित चिठ्ठीचा मार्ग आहे : 'दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तरच औषध घ्या.' अनेक चाचण्या एकत्र तपासल्या असता असे दिसते की, अशी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी साधारण ३० टक्केच लोक अखेर औषध घेतात, तर लगेच घ्यायला सांगितलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक घेतात. मात्र ही चिठ्ठी कानाच्या किंवा सायनसच्या आजारासाठी राखावी. निव्वळ सर्दीला विलंबानेही प्रतिजैविक नको.

भिंतीवरचा कागद हाही उपाय आहे. लॉस एंजलिसमधील पाच क्लिनिकांत तपासणीच्या खोल्यांत एक पत्र मोठ्या आकारात लावले : 'प्रतिजैविके गरज असेल तेव्हाच देण्यास मी बांधील आहे', खाली त्या त्या डॉक्टरांचे छायाचित्र आणि सही. पत्र न लावलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत अनावश्यक वापरात जवळजवळ २० टक्के-बिंदूंचा फरक पडला. कोऱ्या घोषवाक्याच्या भित्तिपत्रकाकडून मी एवढ्याची अपेक्षा ठेवणार नाही. इथे सही केलेल्या माणसालाच दिवसभर स्वतःच्या सहीसमोर बसावे लागते.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात मी रात्रपाळीचा ड्युटी डॉक्टर आहे. आमची कॅज्युअल्टी, म्हणजे आपत्कालीन विभाग, हेच इथले अर्जंट केअर. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतू ओळखणारी झटपट चाचणी नाही, रुग्ण दोन तास प्रवास करून येतो, पुन्हा येईल याची खात्री नाही. ताप दिसला की सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि सलाईन, ही इथली रीत. अमेरिकेतील हे नियम आम्हाला लागू कसे पडणार?

उत्तर : सगळे पडणार नाहीत, आणि ते जसेच्या तसे उचलणे धोक्याचेही आहे. अमेरिकेतील अर्जंट केअरच्या प्रशिक्षणात 'थांबा आणि पाहा' यावर भर असतो, कारण तिथल्या तापाच्या मागे बहुधा सर्दी-खोकला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात भाताच्या शेतातून आलेल्या माणसाचा ताप, अंगदुखी आणि लाल डोळे लेप्टोस्पायरोसिसचे असू शकतात. जांघेत किंवा काखेत काळी खपली सापडली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असू शकतो. या दोहोंत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक संशयावरूनच सुरू करायचे असते, अहवालाची वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. सेप्सिसचा रुग्ण, म्हणजे रक्तदाब उतरलेला, श्वास वाढलेला, भान हरपत चाललेला, याला प्रतिजैविक पहिल्या तासात गेले पाहिजे. तेव्हा आपल्याकडील प्रशिक्षणाचे पहिले पान 'कोणाला ताबडतोब द्यायचे' हे असावे. दुसरे पान 'कोणाला नाही' हे.

दुसऱ्या पानावर आपली ती रीत येते. चालत आलेल्या, खातापिता येणाऱ्या, दोन दिवसांचा ताप आणि नाक गळत असलेल्या माणसाला सेफ्ट्रायॅक्सोनचा एक डोस देऊन घरी पाठवणे हा उपचारच नव्हे. डेंग्यू असेल तर त्याचा उपयोग नाही. टायफॉइड असेल तर एका डोसाने तो बरा होत नाही आणि नंतर केलेले रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मात्र निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. इंजेक्शनच्या आधी कल्चरची बाटली भरणे, निदान भरती करायच्या रुग्णात, ही एक सवय जरी आपल्या रात्रपाळीत रुजली तरी पुष्कळ साधेल. तसेच रेंगाळलेल्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देऊ नये. ते क्षयाच्या जंतूवरही चालते. रुग्णाला पंधरा दिवस बरे वाटते, थुंकीची तपासणी लांबते आणि निदान महिना-दोन महिने मागे पडते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे आधी थुंकी, हा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचा जुना नियम ड्युटी रूमच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

घशाची चाचणी नसेल, तर १९८१ पासून वापरात असलेले 'सेंटर' (Centor) नावाचे निकष बोटांवर मोजता येतात : ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या भागातील दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव. यांपैकी शून्य किंवा एकच असेल, तर प्रतिजैविक नको. नाक वाहत असेल आणि आवाज बसला असेल, तर आजार बहुधा विषाणूचाच असतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध-नियमांतील अनुसूची 'एच-१'मध्ये तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन (आपले सेफ्ट्रायॅक्सोन त्यांपैकीच) आणि कार्बापेनेम ही प्रतिजैविके आहेत. दुकानदाराने त्यांची विक्री चिठ्ठीवरच करायची आणि वेगळ्या वहीत नोंदवायची असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालये आणि डॉक्टर-संघटनांना पत्र लिहून, प्रतिजैविक देताना त्याचे नेमके कारण चिठ्ठीवर लिहावे, असे आवाहन केले. बॉस्टनच्या प्रयोगातील 'कारण लिहा' हा उपाय आणि दिल्लीचे हे पत्र, दोन्ही एकाच जागी येऊन पोहोचतात. आपल्या केसपेपरवर औषधाच्या नावाशेजारी कारणासाठी दोन इंच कोरी जागा ठेवून पाहा. रात्री तीन वाजता तिथे 'ताप' एवढेच लिहिताना हात थबकतो की नाही, ते मला कळवा.

प्रश्न : मी फिजिशियन असिस्टंट आहे. प्रतिजैविक द्यायचेच असेल तेव्हा अमॉक्सिसिलिन फार साधे वाटते. रुग्णही 'काहीतरी जोरदार द्या' म्हणतात. मग नवे आणि व्यापक औषध का देऊ नये?

उत्तर : कारण स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला ते साधे औषध आजही पुरून उरते, त्या जंतूने पेनिसिलिनला अजून दाद न देण्याची कला साधलेली नाही, तर अझिथ्रोमायसिनला मात्र ती पुष्कळ ठिकाणी साधली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत : नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्यात. २०१९ सालच्या भारतातील खासगी क्षेत्राच्या आकडेवारीत सर्वाधिक खप अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा आणि त्याखालोखाल सेफिक्झिम २०० चा होता, हे वाचून मी बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिलो होतो.

दिवसांविषयीही फेरविचार करावा. घरी उपचार घेत असलेल्या, सुधारणा होत असलेल्या न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णाला पाच दिवस बहुधा पुरतात. साध्या सेल्युलायटिसलाही (त्वचेखालच्या संसर्गालाही) तेवढेच. स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचे दहा दिवस मात्र कायम आहेत. आणि लक्षणे नसलेल्या वृद्ध बाईच्या लघवीत जंतू सापडले, तर तो अहवाल बाजूला ठेवून द्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा चार वर्षांचा. कान दुखतो म्हणून अर्जंट केअरमध्ये नेले, तर तेथील डॉक्टर दोन दिवस थांबा म्हणाल्या. आम्ही दर वर्षी पुण्याहून अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमची कोरडी सिरपे आणतो. ती सुरू केली तर काय बिघडले?

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. दोन वर्षांवरील मुलाचा कान फारसा तीव्र दुखत नसेल, ताप १०२ अंशांच्या (फॅरनहाइट) खाली असेल आणि कानातून पू येत नसेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास पाहावे, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. बरीच मुले तेवढ्यात आपोआप सुधारतात. द्यावे लागलेच, तर पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला असते. आपल्या पिशवीतल्या दोन्ही बाटल्यांना नाही. एखादा डोस याआधीच दिला असेल, तर पुढच्या भेटीत तो सांगून टाकावा. कोणी रागावणार नाही, आणि न सांगितल्यास घशाची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊन डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते.

ती सिरपे जवळच्या औषध-दुकानातील परतीच्या पेटीत टाकावीत. पुण्याहून आणलेले पॅरासिटामॉल ठेवायचे असेल, तर बाटलीवरचे प्रमाण वाचूनच द्यावे : अमेरिकेतील मुलांच्या सिरपात ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम औषध असते, तर भारतातील सिरपात ते १२० किंवा १२५ असते आणि काही बाटल्यांत २५०. चमचा तोच असला तरी डोस दुप्पट होऊ शकतो.